स्पोर्ट्स कारला प्रीमियम पेट्रोल लागतेच का? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रोज कोणी ना कोणी हेच विचारते, त्यातही मे महिन्यात जास्त, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. प्रीमियम म्हणजे पंपावरचं महाग, जास्त ऑक्टेनवालं पेट्रोल, आणि ऑक्टेन म्हणजे काय ते खाली येते. डिझेलचा हिशोबच वेगळा असतो, तिथं ऑक्टेन नाही सिटेन पाहतात, त्यामुळं डिझेलवाल्यांनी इथं वेळ घालवू नका.

थोडक्यात सांगा भाऊ, स्पोर्ट्स कारला प्रीमियम लागते की नाही?

काही गाड्यांना लागतेच. काहींना दिलं तर बरं, नाही दिलं तरी चालते. आणि काहींना दिलं काय न् नाही दिलं काय, सारखंच. गाडी दिसते कशी यावर हे ठरत नाही, इंजिन कसं बनवलं यावर ठरते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, छत उघडणारी गाडी बनायची, दिसायला पक्की स्पोर्ट्स कार, पण आत रेनॉचं १.२ लिटरचं साठ हॉर्सपॉवरचं साधं इंजिन. तिला ९९ ऑक्टेन पाजून काही उपयोग नव्हता. उलट एखादी गुमान दिसणारी जर्मन सेडान असते, तिच्या आत टर्बोवालं (हवा दाबून आत ढकलणारं) दोन लिटरचं इंजिन असते आणि झाकणावर स्पष्ट ९५ लिहिलेलं असते. रंग लाल, मागं स्पॉयलर आणि सायलेन्सरचे चार पाइप, एवढ्यानं पेट्रोल महाग घ्यायची गरज नाही.

मग माझी गाडी कोणत्यातली हे कसं पाहायचं?

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. बाहेरच्या फ्लॅपच्या आतल्या बाजूनं एक छोटा स्टिकर असतो, आपल्याकडं त्यावर धुळीचा थर बसलेला असतो, बोटानं पुसा आणि वाचा. जर्मन गाड्यांवर आरओएन (ऑक्टेन मोजायचं माप) सोबत आरओझेड पण लिहिलेलं असते, दोन्ही एकच, फक्त भाषा वेगळी. आकडा ९१, ९५ किंवा ९८ असा काही असेल. 'किमान' लिहिलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही.

स्टिकर निघून गेला असेल, दिल्ली-मुंबईहून आणलेल्या सेकंडहँड गाड्यांत हे फार होते, तर मॅन्युअल काढा. त्यात शब्द नीट पाहा, 'आवश्यक' आहे की 'शिफारस' आहे. सगळा खेळ याच दोन शब्दांत आहे आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. पोर्शच्या ९११ चं उदाहरण घ्या, त्यात सर्वात चांगला परफॉर्मन्स ९८ वर मिळते असं सांगतात आणि किमान ९५ चालते, तेव्हा इग्निशन टायमिंग गाडी स्वतः जुळवून घेते. म्हणजे ९८ नाही मिळालं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ९१ टाकायला कोणी परवानगी दिलेली नाही.

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, बरोबर ना?

नाही. हाच गैरसमज सगळ्यात मोठा आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, सहनशक्ती. सिलेंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जाते, मग स्पार्क पडते, आणि ज्वाळा एका टोकाकडून दुसरीकडं पसरत जाते. पण दाब आणि गरमी जास्त झाली तर ज्वाळा पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप भडकते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. पोरगं झोपाळ्यावर मागं येत असतानाच मागून धक्का दिला तर जे होईल तेच पिस्टनचं होते. आवाज बारीक असतो, पत्र्यासारखा कर्रकर्र, चढावर किंवा ओव्हरटेक करताना जास्त ऐकू येते, काच खाली करून भिंतीच्या बाजूनं गाडी काढली की स्पष्ट कळते.

आकडा येते कुठून तर एक मोजपट्टी आहे, त्यात आयसो-ऑक्टेनला १०० धरलं आणि एन-हेप्टेनला ०. तुमचं पेट्रोल टेस्ट इंजिनमध्ये ९५ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणासारखं वागलं तर ते ९५. बस एवढंच. ताकद येते ती इंजिनातून, कारण पेट्रोल सहन करते म्हणून इंजिनवाला कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबायचं ते) वाढवू शकतो, टर्बोचा बूस्ट वाढवू शकतो, स्पार्क जरा लवकर देऊ शकतो. ९११ जीटी३ मध्ये टर्बो नाही तरी कॉम्प्रेशन १३.३ आहे आणि इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जाते, तिथं कमी ऑक्टेन टाकणं म्हणजे इंजिनवर अन्याय आहे. पण फक्त कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून स्वतः हिशोब लावत बसू नका, व्हॉल्व्ह टायमिंग, इंजेक्शन, कूलिंग हे सगळं मिळून ठरते आणि ते कंपनीनं झाकणावर लिहून ठेवलंय.

यूट्यूबवर अमेरिकन लोक ९१ ला प्रीमियम म्हणतात, आपल्याकडं तर आत्ताआत्तापर्यंत ९१ म्हणजे साधं होतं. मग आपलं साधं म्हणजे त्यांचं प्रीमियम झालं की!

नाही झालं. त्यांच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात, आरओएन आणि एमओएन अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. आपण आणि युरोप फक्त आरओएन लिहितो, जो मोठा दिसते. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६, आणि त्यांचं सगळ्यात साधं ८७ म्हणजे आपलं ९१-९२. हे माहीत नसलं की अमेरिकन मॅन्युअल वाचून लोक चुकीचं पेट्रोल भरतात, बाहेरून आणलेल्या गाड्यांत खास करून.

मस्टँगचं पाहा. पाच लिटरचं व्ही८ इंजिन, नाव काढलं की लोकांना वाटते १०० ऑक्टेनशिवाय स्टार्टच होणार नाही. फोर्डनं अमेरिकेत त्या जीटी मॉडेलला ८७ चालते असं सांगितलेलं आहे, प्रीमियमनं फक्त परफॉर्मन्स थोडा वाढते. म्हणजे आपल्या मोजणीनं ९१-९२ वर चालणारी व्ही८. आता सांगा, दिसण्यावर काय ठरवणार?

नॉक सेन्सर असते ना, मग काहीही टाकलं तर गाडी सांभाळून घेते?

सांभाळून घेते, पण फुकटात नाही. इंजिन ब्लॉकवर एक छोटा सेन्सर असते, तो नॉकिंगची थरथर पकडते आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्क उशिरा द्यायला लागते. नॉकिंग थांबते, पण ताकद कमी होते, पेट्रोल जास्त जळते, आणि एक्झॉस्ट गरम होते. किमान ९५ वाल्या गाडीत एकदा अडचणीत ९१ गेलं तर काही होत नाही. वर्षभर तेच टाकत राहिलं आणि वरून दाबून चालवलं तर ईसीयूची मागं सरकायची मर्यादा संपते, मग पिस्टन आणि रिंगा भोगतात.

आणि जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत सेन्सरच नाही. कॉन्टेसा, पद्मिनी, जुनी ८०० असं काही हौसेनं सांभाळलं असेल तर तिथं कान हाच सेन्सर, आणि टायमिंग मेकॅनिकच्या हातात.

अजून एक, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी (म्हणजे पेट्रोल सरळ सिलेंडरमध्ये जाते त्या गाड्या). वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर जोरात दाबायची सवय असेल तर ती सोडा, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये ४० च्या स्पीडला वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढायचं असलं काही. त्यानं स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा प्रकार होऊ शकते आणि तो साध्या नॉकिंगपेक्षा फार वाईट असते. गिअर पाडा, एवढं सोपं आहे.

नागपूरच्या उन्हाचा आणि पेट्रोलचा काही संबंध आहे का, की उगाच?

आहे, आणि आपल्याकडं तो जरा जास्तच आहे. नॉकिंग हा गरमीचा आजार आहे. इंजिनात जाणारी हवा जितकी गरम तितकं मिश्रण लवकर भडकायला तयार. आपल्याकडं मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जाणं म्हणजे बातमी पण नसते. त्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीला सिग्नलवर उभे आहात, एसी फुल, समोर सिटी बसचा धूर, बोनेटखाली हवा हलत नाही, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापून बसलेला. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं) छोटं यंत्र लावून इनटेक हवेचं तापमान पाहा एकदा, बाहेरच्या ४५ पेक्षा किती वर गेलंय ते पाहून तुम्हालाच घाम येईल. सिग्नल सुटला की गाडी पहिले काही सेकंद मेल्यासारखी वाटते ना, ती तुमची शंका नाही, ईसीयूनं खरंच टायमिंग मागं घेतलेलं असते.

म्हणून माझं मत असं की ज्या गाडीत ९८ ची शिफारस आहे आणि ९५ चालते, तिला डिसेंबरात ९५ वर आरामात चालवा, पण एप्रिल ते जूनमध्ये जास्त ऑक्टेन मिळत असेल तर पैसे वसूल होतात. जर्मनीतल्या वीस डिग्रीत लिहिलेला 'चालते' आणि आपल्या इकडचा 'चालते' यात फरक आहे. ज्या गाडीला ९१ पुरते तिला मात्र उन्हाळ्यातही ९१ पुरते. कंपन्या इथं विकायच्या आधी गाड्या उन्हात तपासतात.

आता सगळीकडं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि त्याचं ऑक्टेन ९५ आहे म्हणतात. मग प्रीमियमचे पैसे काऊन द्यायचे?

हा खरा आजचा प्रश्न आहे, बाकीचे जुने झाले. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असते, त्यामुळं २० टक्के मिसळलं की मिश्रणाचं वाढते. सरकारचं म्हणणं असं की आधी बीएस-६ मध्ये साधं पेट्रोल ९१ होतं, ते ई२० मुळं ९५ झालं. आणि इथेनॉलबद्दल नागपूरकरांना कोणी शिकवायची गरज नाही, आपले खासदार गडकरी साहेब इतकी वर्षं दुसरं बोलून काय राहिले? २० टक्क्यांचं टार्गेट २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलं पण.

म्हणजे ज्याच्या झाकणावर ९५ आहे त्याचा ऑक्टेनचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला. ९५ नावाच्या प्रीमियमला सात-आठ रुपये जास्त देता तेव्हा तुम्ही मुख्यतः त्यातल्या ॲडिटिव्हचे (इंजिन साफ ठेवायला मिसळलेल्या रसायनांचे) पैसे देता, ऑक्टेनचे नाही. ९८ वाल्यांना मात्र अजूनही ९७-९९-१०० शोधावंच लागते.

पण एक प्रश्न गेला न् दुसरा आला. आता झाकणावर ऑक्टेन सोबत इथेनॉलचा आकडा पण पाहायचा. युरोपातून आलेल्या गाड्यांवर गोल चिन्हात ई५, ई१० लिहिलेलं असते, म्हणजे तेवढ्यापर्यंत. आपल्याकडं एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पार्ट ई२० ला चालणारे असतात. दहा-पंधरा वर्षं जुन्या इंपोर्टेड स्पोर्ट्स कारमध्ये मात्र रबरी पाइप, सील, इंजेक्टरचे ओ-रिंग हे सगळं तपासून घ्या, आणि गळती दिसायची वाट पाहू नका कारण ती गरम एक्झॉस्टच्या वर होऊ शकते. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या डिझाइनच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरलेली आहे, आणि ई२० साठी ट्यून केलेल्यांना १-२ टक्के. ऑक्टेन वाढलं तरी मायलेज पडलं, यात कोणाला विरोधाभास वाटत असेल तर वरचा सहनशक्तीवाला प्रश्न परत वाचा.

साध्या गाडीत प्रीमियम टाकलं तर पिकअप वाढते का? माझ्या मित्राची तर उडते म्हणते.

मित्राला म्हणा, न सांगता साधं भरून दे आणि मग सांग उडते का. ज्या गाडीला ९१ पुरते तिचं टायमिंग आधीच पूर्ण पुढं असते, जास्त सहनशक्ती देऊन करायचं काय? अमेरिकेत ट्रिपल ए नावाची वाहनचालकांची मोठी संस्था आहे, तिनं २०१६ मध्ये तपासलं तेव्हा साध्यावर चालणाऱ्या गाड्यांना प्रीमियमचा काहीच फायदा दिसला नाही, आणि लोक असे वर्षाला २.१ अब्ज डॉलर वाया घालवतात असा हिशोब काढला. मग २०१७ मध्ये त्यांनी 'शिफारस' वाल्या गाड्या घेतल्या, मस्टँग जीटी आणि माझदा एमएक्स-५ पण होत्या त्यात. तिथं फरक मिळाला पण किती, मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के. चारशे घोड्यांच्या गाडीत पाच-सहा घोडे. तुमच्या बुडाला ते कळत नाही, बाप्पा शपथ.

मायलेज वाढून पैसे वसूल होतात असं पंपावरचा पोरगा म्हणते.

त्याला विकायचं आहे. साधं १०४ आणि प्रीमियम १११-११२ धरा, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास जास्त दिले आणि चांगल्यात चांगलं धरलं तर पावणेतीन टक्के परत आले. १०० ऑक्टेनचं तर विचारूच नका, ते २०२० मध्ये आलं तेव्हाच दिल्लीत १६० रुपये लिटर होतं. मायलेजसाठी प्रीमियम कोणीच घेऊ नये.

उलटा हिशोब पण करा. ९११ ची टाकी ६४ लिटरची, लिटरमागं आठ रुपये जास्त म्हणजे फुल टाकीला ५१२ रुपये. दोन कोटींच्या जवळपासच्या गाडीत ५१२ रुपये वाचवायला साधं भरणारे पण आहेत आपल्या गावात, टेकडी गणपतीला गाडी नेऊन हार-नारळ साग्रसंगीत करतात आणि मग पेट्रोलात काटकसर. पैसे नसते तर समजलो असतो.

प्रीमियमनं इंजिन साफ राहते का?

साफ ठेवते ते डिटर्जंट ॲडिटिव्ह, ऑक्टेन नाही. ब्रँडेड पेट्रोलमध्ये ते जास्त असतात त्यामुळं इंजेक्टर साफ राहायला मदत होते, हे खरं. पण डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल सरळ सिलेंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, तर व्हॉल्व्हवरचा कार्बन ते धुणार कसं? तो वेगळा साफ करावा लागते. आणि स्पोर्ट्स कार आजकाल बहुतेक डायरेक्ट इंजेक्शनच्याच.

अर्धं साधं अर्धं ९९ असं मिसळलं तर?

चालते. ऑक्टेन साधारण मधात येते, ९१ आणि ९९ अर्धं-अर्धं केलं तर ९५ च्या आसपास. इंजिनाला काही त्रास नाही.

ऑक्टेन बूस्टरची बाटली?

बाटलीवर 'तीस पॉइंट वाढवते' लिहिलेलं असते, आणि त्यांच्या भाषेत दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. म्हणजे ९१ चं ९४, तेही पूर्ण बाटली बरोबर मापात टाकली तर. तेवढ्या पैशात पंपावर चांगलं पेट्रोल येते. १०० ऑक्टेन मिळतच नाही अशा गावी ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस) असेल तर ठीक.

स्टेज १ रिमॅप (ईसीयूची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलाय. आता?

आता झाकणावरचा स्टिकर विसरा, ट्यूनरनं मॅप कोणत्या ऑक्टेनवर बनवला ते विचारा आणि लिहून घ्या. ९५ चा मॅप, ९८ चा मॅप, १०० चा मॅप वेगळे असतात. रिमॅप म्हणजे कंपनीनं वाईट पेट्रोल आणि उन्हासाठी जी जागा सोडलेली असते तीच खाऊन ताकद काढणं, म्हणून मॅप ज्यावर आहे त्याच्या खाली जाऊच नका, इथं 'एकदा चालते' पण नाही. काही लोक ९८ चा मॅप टाकून महिनाअखेर आली की साधं भरतात आणि मग पिस्टन फुटला की मॅपवाल्याला शिव्या देतात. नागपुरात राहता तर मॅप एक पायरी खालचाच घ्या, पाच-दहा घोडे कमी येतील, मेमध्ये झोप लागेल.

लांबच्या प्रवासात हवं ते पेट्रोल नाही मिळालं तर?

समृद्धीवर शिवमडक्याहून निघालात की मुंबईच्या अलीकडं भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, वाटेत हव्या त्या ऑक्टेनचा पंप मिळेलच असं धरून निघू नका, शहरातच टाकी फुल करा. तरी कमी ऑक्टेन भरावंच लागलं तर फुल करू नका, पुढच्या शहरापर्यंत पुरेल एवढंच भरा, ॲक्सिलरेटर हलका ठेवा, स्पोर्ट मोड बंद, जोरात ओव्हरटेक नको. चांगलं मिळालं की वरून भरा. टाकी उतरवून रिकामी करायची गरज नसते, तो खर्च फक्त पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर.

पंपावर खरंच प्रीमियमच दिलं हे कसं समजायचं?

आधी आकडा विचारा, नाव नाही. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, आणि पूर्वी काही ब्रँडेड पेट्रोलमध्ये फक्त ॲडिटिव्ह जास्त असायचे, ऑक्टेन साध्याचंच. मशीनवर झिरो पाहताना सोबत कोणत्या प्रॉडक्टचा नोझल उचलला ते पण पाहा, आणि बिल घ्या, त्यावर प्रॉडक्टचं नाव येते. 'साधं संपलं साहेब' असं ऐकलं आणि बाजूच्याच मशीनवर स्कूटीवाल्यांना साधं देऊन राहिले असतील तर गाडी काढा न् पुढच्या पंपावर जा.

शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, तो फुकट द्यावा लागते. नोझल पुसून एक थेंब टाकायचा, दोन-एक मिनिटात उडून जायला पाहिजे, डाग राहिला तर भेसळीचा संशय. डेन्सिटी आणि पाच लिटरचं माप पण तपासून मागू शकता. पण ऑक्टेन मात्र पंपावर मोजता येत नाही, त्याला लॅब लागते. म्हणून ज्या पंपावर प्रीमियमची विक्री जोरात आहे तिथंच भरा, सदर किंवा धरमपेठसारख्या भागात मोठ्या गाड्या रोज भरतात तिथं टाकीतला माल ताजा असते. कुठंतरी कोपऱ्यात महिनोन् महिने पडून असलेलं ९९ घेण्यापेक्षा ताजं ९५ बरं.

माझी गाडी महिन्यातून एकदा निघते, बाकी झाकून ठेवलेली.

मग तुम्हाला ऑक्टेनपेक्षा शिळ्या पेट्रोलची काळजी जास्त पाहिजे. पेट्रोलातले हलके भाग उन्हात उडून जातात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात खास करून. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी खाली बसते आणि ऑक्टेन वर उरलेल्या पेट्रोलातून निघून जाते. टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, भरलेली ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि पंधरा दिवसांत एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत फिरवून आणा. अंबाझरीला एक चक्कर पुरत नाही, कोराडीपर्यंत जाऊन या.

आणि सुपरबाइक?

तेच सगळं, फक्त तिथं इंजिन तुमच्या मांडीखाली आहे. मॅन्युअलमध्ये ९५ असेल तर ९५. बाबांच्या ॲक्टिव्हात मात्र साधंच टाका.